नुसतं धर

अहो, तुमचं वजन अजून पडलेलं नाही.

आज सकाळीही गोदामात जाऊन बघून आले. पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला जळक्या स्पीकरमधून काढलेला तो काळा, जाडजूड चुंबक चिकटलाय आणि त्याच्या पोटाला आपल्या जुन्या तराजूचं दोन किलोचं वजन. दुकानात बटणांचा काटा आला, लोखंडी वजनं रिकामी झाली, तेव्हा तुम्ही ते तिथं लावलंत. त्यानंतर खाली डाळीची पोती आली नि गेली, मांजर व्याली, आपल्या शिवाचं लग्न झालं, आणि ते आपलं जागच्या जागी. तुम्ही गेलात त्या दिवशीही मी बायकांतून उठून तिकडं जाऊन आले. हिला आत्ता गोदामात काय काम निघालं, असं त्यांना वाटलं असेल. मला वाटलं होतं, आज तरी ते पडलं असेल. साधं हललंसुद्धा नव्हतं. लई राग आला मला त्याचा. अजून आहे.

आपली शर्त काय होती ते लोकांना सांगायची सोय नाही, हसतील. तुम्ही शिडीवर होता, मी खाली स्टुलावर उभी राहून ते वजन डोक्यावर दोन्ही हातांनी वर धरलं होतं. चुंबकाला कानस मारून तो सपाट करायचा तुमचा उद्योग काही केल्या संपेना. तुमचं नेहमीचं वाक्य, "नुसतं धर गं. बाकीचं मी बघतो." माझे हात बधिर झाले. म्हटलं, "अहो, हात मोडले माझे, आवरा की." आणि तुम्ही वरून, कानस न थांबवता, काय म्हणालात? "विज्ञानात याला काम म्हणत न्हाईत. वजन हाललं तर काम. नुसतं धरून ठेवलं तर काम शून्य."

शून्य! ते वजन तुमच्या पायावर पडता पडता राहिलं, तुमचं नशीब. माझं तोंड सुटलं ते सुटलंच. तुमची आई आजारी होती तेव्हा तिला दोन्ही वेळा धरून बसवत होते, ते शून्य? शिवा तापानं फणफणला, दिवसभर मांडीवरून खाली उतरला नाही, ते शून्य? तुमचे हे सगळे खेळ चालतात, तेव्हा कधी सुतळी, कधी वायर, कधी पाण्याची परात धरून उभी कोण असते? तुम्ही हसलात. हसायला नको होतं. मी दोन दिवस बोलले नाही तेव्हा तुम्हीच तोड काढलीत. म्हणालात, "भांडू नको, चुंबकालाच इचारू. ह्यो वजन धरून बसतोय. थकून आपल्या हयातीत खाली पडलं, तर मी हारलो. चारचौघांत सांगीन, धरून ठेवणं हे काम हाय. न्हाई पडलं, तर तू कबूल कर."

मी बिनधास्त हो म्हटलं. मला वाटलं, उन्हाळ्यापर्यंत पडतंय. कोण थकत नाही हो धरून धरून?

तुमच्या चुंबकांचं आणि माझं वैर तसं त्याच्याही आधीचं. माझ्या भावानं दिलेलं घड्याळ तुम्ही बंद पाडलंत. कात्रीला टाचण्या चिकटायला लागल्या, सुरीला खिळे. मांजरा नदीच्या वाळूत पिशवीत गुंडाळलेला चुंबक फिरवून काळी काळी रेती गोळा करायचात, आणि तीही माझ्या पिठाच्या चाळणीत. पण सगळ्यात कहर केलात तो टीव्हीचा. नवा रंगीत टीव्ही, घरात येऊन महिनाही झाला नव्हता. मी मालिका बघत बसलेली. तुम्ही दुकानातून आलात, चप्पलसुद्धा काढली नाही, आणि चुंबक नेऊन काचेला लावलात. मालिकेतल्या सुनेचं अर्धं तोंड हिरवं, अर्धं जांभळं, आणि नाक ओढल्यासारखं कानाकडं गेलेलं.

"अहो, काय करायलाव? बाईचं तोंड बघा की!"

"बाईकडं कावून बघायलीस? इलेक्ट्रॉनकडं बघ! वळला! बघितलंस का, वळला!"

चुंबक काढला तरी तो हिरवा डाग गेला नाही. मेकॅनिकला वेळ मिळेपर्यंत सकाळच्या कार्यक्रमात देवसुद्धा हिरवेच दिसायचे. मग तो तारेचं कडं घेऊन आला, काचेसमोर गोल गोल फिरवून त्यानं डाग घालवला. तुमचं लक्ष टीव्हीकडं नव्हतंच, त्या कड्याकडं होतं. त्या वेळी तुम्ही मला समजावलंत की टीव्हीच्या मागच्या बाजूनं इलेक्ट्रॉन सुटतात, काचेवर येऊन आदळतात आणि तिथं उजेड पडतो. चुंबक जवळ नेला की त्यांची वाट वाकडी होते. मी रागातच विचारलं, "दिसत तर न्हाई कुणाला, मग हाय कशावरून?" तुम्ही म्हणालात, "वळला की! नसता तर कोण वळलं आसतं?" राग होता म्हणून मी बोलले नाही, पण ते मला पटलं होतं. आज सांगते.

एक गोष्ट मात्र मी कधी तोंडानं बोलले नाही आणि ती बोलायला हवी होती. माहेरी शिरूरला माझी शाळा सातवीत सुटली. तेव्हापासून मला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं. हे कर, ते करू नको, एवढंच. तुम्ही लग्न झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात ताटात पाणी घेतलंत, सुईला चुंबक घासून ती कागदाच्या कपट्यावर तरंगत ठेवलीत आणि मला म्हणालात, "फिरव आता कुठंबी, परत उत्तरेलाच येतीय का न्हाई बघ." मी कितीतरी वेळ ती फिरवत बसले होते. सासूबाई ओरडल्या तेव्हा भानावर आले. तुम्ही मला "तुला काय कळायचंय त्यातलं" असं कधी म्हणाला नाहीत. एकदाही नाही. माझ्या जावा, बहिणी, शेजारणी, कुणाच्या नवऱ्याबद्दल मी हे ऐकलेलं नाही. माझ्यावर उपकार आहेत तुमचे, हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, आणि मी काय सांगत राहिले, तर चाळणी धुऊन ठेवा.

लोखंडाचा चुंबक कसा होतो ते तुम्ही गुळाची ढेप फोडता फोडता सांगितलंत. प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे बारकासा चुंबकच. साध्या लोखंडात ज्याचं त्याचं तोंड वेगळीकडं, आठवडी बाजारातल्या माणसांसारखं. चुंबकात बहुतेकांची तोंडं एकीकडं, केजच्या स्टँडवर एसटी दिसल्यावर होतात तशी. मी म्हटलं, "मग खिळा चुंबकापासून बाजूला केला की परत बाजार?" तुम्ही मांडीवर थाप मारलीत, "बराबर!" आणि गिऱ्हाइकाला गूळ द्यायचा राहूनच गेला. ती बाई वैतागून बघत होती. मला त्या वेळी इतकं बरं वाटलं होतं.

पण त्या इलेक्ट्रॉनवरून आपली जी दुसरी लढाई झाली ती काही मिटली नाही. तुम्ही म्हणायचात, जगातले सगळे इलेक्ट्रॉन हुबेहूब सारखे. म्हातारा नाही, तरणा नाही, डावा नाही, उजवा नाही. झिजत नाही, मरत नाही. हा तिथं ठेवला आणि तो इथं आणला तरी कुणाच्या बापाला कळायचं नाही. मी म्हटलं, एवढ्यांत एकाचं तरी नाक वाकडं असेल. "न्हाई." मग तुमच्यातले आणि माझ्यातले? "अदलाबदल केली तरी काय फरक पडंना." तुम्ही हे इतक्या खुशीत सांगितलंत! तुम्हाला त्यात केवढं मोठं काहीतरी सापडलं होतं. मला मात्र ते लागलं. मी उठून भाकरी थापायला गेले. तुम्ही मागं येऊन विचारत राहिलात, काय झालं, काय झालं. काय सांगणार? फरक पडत नाही म्हणे.

मग तुमचा हात थरथरायला लागला. आधी उजवा. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. दुकान शिवानं घेतलं आणि तुम्हाला प्रयोगांना हवी तेवढी फुरसत मिळाली, तर हातच ऐकेना. दोऱ्याला सुई टांगून ती स्थिर व्हायची वाट बघायची, तर तुमच्या हातात ती नाचत राहायची. तुम्ही दोरा माझ्याकडं दिलात. "नुसतं धर." पुढं बशी मी धरली, सदऱ्याची गुंडी मी लावली, वस्तऱ्याच्या वेळी हनुवटी मी धरली. कधीमधी मी मुद्दाम विचारायचे, "काम हाय का हे, का शून्य?" तुम्ही गोदामाकडं मान करायचात. "निकाल लागू दे आधी." आणि हसायचात. तुमचं हसू तेव्हा अर्ध्याच तोंडावर यायचं, तरी मला ते कळायचं.

अंबाजोगाईला दवाखान्यात व्यायाम शिकवायला ती पोरगी होती ना, तिला तुम्ही भंडावून सोडलंत. हात नुसता समोर धरला तर तो का थकतो, चुंबक का थकत नाही. ती बिचारी हसली, पण तिनं खुर्ची ओढून नीट सांगितलं. तुम्ही दोघं बोलत होता, मी औषधाच्या रांगेत होते. येताना जीपमध्ये तुम्ही डोळे मिटून बसलात. मला वाटलं, दमलात. केज जवळ आल्यावर तुम्ही माझ्या कानाशी आलात. तुमचा आवाज तेव्हा इतका बारीक झाला होता की मला तुमच्या तोंडाला कान लावावा लागायचा. तुम्ही म्हणालात, "हात एकदा धरला नि झालं, आसं नसतं. आतले धागे धरत्यात, सोडत्यात, परत धरत्यात. सारखं चालूच. एक सोडतो तवर दुसरा धरतो. म्हणून थकतो हात. लई थकला का मग थरथरतो, तवा आतली धरसोड भायेर दिसती." मग जरा थांबलात. "चुंबकाचं तसलं काय न्हाई. मंजी तुझं..."

आणि जीप थांबली. लोक उतरायला लागले, कुणाची पिशवी, कुणाचं पोरगं, ड्रायव्हर घाई करतोय. तुम्हाला उतरवण्यात मी गुंतले. घरी आल्यावर विचारलं, "माझं काय?" तुम्ही म्हणालात, "कधी? काय?" खरंच विसरला होता की माझी मजा करत होता, देव जाणे. नंतरही विचारलं. जेवताना विचारलं, अंघोळ घालताना विचारलं. तुम्ही वर बोट दाखवायचात, गोदामाकडं. ते बोटही थरथरायचं.

एवढं एक वाक्य पुरं केलं असतं तर काय बिघडलं असतं हो तुमचं?

आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. जसा घरात बसायचा तसा बसवून नेतात. जंगमस्वामींनी तुम्हाला अंघोळ घालून घेतली, कपाळाला भस्म लावलं, भिंतीला टेकवून पाटावर बसवलं. उमापूरहून तुमची बहीण यायची होती, तोवर थांबायचं होतं. मान सरळ राहावी म्हणून उपरणं कपाळावरून घेऊन मागं खुंटीला बांधतात, तसं कुणीतरी बांधायला आलं. माझ्या तोंडून निघालं, "बांधू नका. मी धरते."

सगळ्या म्हणाल्या, अगं, वेळ लागेल, तुझ्यानं होणार नाही. शिवा म्हणाला, आई, ऊठ. मी ऐकलं नाही. तुमच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. एक हात तुमच्या मानेमागं, एक खांद्याला. लोक येत होते, हार घालत होते, पाया पडत होते. भजन चालू होतं. जंगमांनी तुमच्या गळ्यातलं इष्टलिंग काढून तुमच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि मी त्या हाताकडं बघत राहिले. तो हलत नव्हता. इतकी वर्षं ज्या हातात पाण्याचा पेला राहत नव्हता त्या हातात लिंग कसं शांत बसलं होतं. मला वाटत राहिलं, आता हलेल. आता हलेल. दोऱ्याची सुई आज दिली असती तर अगदी उत्तरेला थांबली असती, असंही काहीतरी मनात आलं. माणसाच्या मनात तेव्हा काय येईल त्याचा नेम नाही.

तुमची बहीण आली तेव्हा माझा हात माझा राहिला नव्हता. दोघींनी मिळून तो तुमच्या मानेमागून काढला. पुढं कितीतरी दिवस खांदा ठणकत होता. सूनबाई तेल गरम करून आणायची, मी चोळू द्यायचे नाही. ती पोर म्हणाली, आई, असं का करता? काय सांगू तिला? ते दुखणं मला हवं होतं. तुम्हाला धरल्याचं तेवढंच उरलं होतं माझ्याकडं. परवा उठले तर खांदा मोकळा. तेव्हा चुलीपुढं बसून रडले, तुम्ही गेलात त्या दिवशी रडले नव्हते एवढी.

तुमचे विज्ञानाचे सर येऊन गेले. तेच, ज्यांच्याशी तुम्ही इलेक्ट्रॉन खरंच गरगर फिरतो की नुसतं तसं म्हणायचं, यावरून चहावर चहा पीत भांडायचात. सर म्हणाले, "वहिनी, शास्त्राच्या हिशेबानं आप्पांमधला एकही इलेक्ट्रॉन नाहीसा झालेला नाही. सगळे इथंच आहेत." बिचाऱ्यांना धीर द्यायचा होता. मी म्हटलं, "सर, पण मला त्यातला एकबी ओळखू येत न्हाई." सरांनी चष्मा काढला. फरक पडतो हो. तुम्ही म्हणाला होता पडत नाही, पण पडतो. सगळे सारखे असतील, मरत नसतील, त्यांना माझा नमस्कार. मला चप्पल न काढता घरात शिरणारा, चाळणी खराब करणारा एकच हवा होता.

आता शिवा म्हणतो, गोदामाचा पत्रा काढून स्लॅब टाकू. पावसाळ्याच्या आत करायला पाहिजे, पोती भिजतात, त्याचं काही चूक नाही. मिस्त्री येऊन माप घेऊन गेला. शिवानं मला नीट विचारलं, "आई, आप्पांचं ते वजन काढू ना?" मी म्हटलं, नको. त्यानं चार दिवस वाट बघून परत विचारलं. मी काय म्हणू? आता पडलं तरी तुम्ही कुठल्या चारचौघांत सांगणार? आणि नाही पडलं म्हणून मी कबूल करायचं? मी नाही करत. तुमची हयात संपली, ते पडलं नाही, म्हणजे शर्तीनं मी हरले. ते ठीक. पण तुमचं वाक्य अर्धंच राहिलंय, आणि अर्ध्या वाक्यावर मी हार घेत नाही.

तुमच्याशी हे बोलता बोलता दुपार झाली, शेवटी मी शिवाला हो म्हटलं आणि तो शिडी लावून चढला. वजन धरून खाली ओढायला लागला. जवान गडी, घामाघूम झाला, पण ते सुटेना. खालून मीच म्हटलं, "ओढू नको, शिवा. सरकव." तुम्ही शिकवलेलं. त्यानं दोन्ही हातांनी ते कडेला सरकवलं आणि ते सुटलं. एवढ्या वर्षांनी, एवढ्या सहज. खालच्या बाजूला एक स्वच्छ, चकचकीत गोल राहिला होता, बाकी सगळं धुळीनं काळं. मी म्हटलं, आण इकडं. त्यानं ते माझ्या हातात दिलं आणि माझा हात खाली गेला, इतकं जड. आपल्याकडं गिऱ्हाइकाला साखर मोजताना ते कधी एवढं जड लागलं नव्हतं.

मी हात सरळ समोर केला आणि ते धरून उभी राहिले. शिवा बघतच राहिला. वर चुंबक अँगलला तसाच होता, रिकामा, आणि त्याला काहीही झालं नव्हतं. त्याच्या हातून सुटलंय हेही त्याला माहीत नव्हतं. तो कुठं धरत होता? चिकटला होता नुसता. धरायला सोडावं लागतं आणि परत धरावं लागतं, तुम्हीच सांगितलंत, माझ्या कानात. म्हणजे ते वाक्य जिथं थांबलं, तिथं ते पुरंच होतं की हो. मलाच तेव्हा तुम्हाला जीपमधून उतरवायची घाई होती.

दंडात कळ आली. मग खांद्यात, तिथंच, त्याच जागी. मग हात थरथरायला लागला. आधी बोटं, मग मनगट, अगदी तुमच्या हातासारखा.

शिवा शिडीवरून उतरून आला. "आई, दे इकडं. पायावर पडंल. काय करायलीस?"

"थांब रे," मी म्हटलं. "काम चालू हाय."